गाडी सर्व्हिसिंगला टाकताना: न सांगितलेल्या कामाचं बिल येऊ नये म्हणून, आणि आलंच तर

आईने स्कूटर सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा काउंटरवर तिला 1,150 रुपये सांगितले होते. संध्याकाळी बिल आलं 4,870 रुपयांचं. दुपारी तिला एक फोन आला होता: "काकू, बेल्ट-रोलर गेलेत, प्लग-फिल्टरचंही बघावं लागेल." आई म्हणाली, "बघा काय ते." तिच्या मनात होतं, नीट बघा आणि मला सांगा. वर्कशॉपच्या नोंदीत ती परवानगी ठरली. "बघा काय ते", "बरं", "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" असं आपण समोरच्याचा मान राखायला म्हणतो, आणि त्याच शब्दांवर पुढे तीन-चार हजारांचं बिल उभं राहतं. म्हणून माझ्या यादीत पहिली वस्तू आहे एक वाक्य. ते घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः आईवडिलांना, पाठ असू द्या: "पार्टचं नाव, किंमत आणि मजुरी व्हॉट्सॲपवर पाठवा, खराब पार्टचा फोटो पाठवा, मी 'हो' लिहून पाठवेपर्यंत काम करू नका." आम्ही ते कागदावर लिहून डिकीच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे.

गाडी न्यायच्या आदल्या रात्री मालकाची पुस्तिका (गाडीसोबत मिळालेलं ओनर्स मॅन्युअल) काढा. घरोघरी ती प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलेली नसते. तिच्यात देखभालीचा तक्ता असतो: किती किलोमीटरला काय तपासायचं आणि काय बदलायचं. त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मागच्या सर्व्हिसिंगचं बिलही शोधा. सहा महिन्यांपूर्वी बदललेला प्लग पुन्हा सुचवला गेला तर ते लगेच दाखवता येतं. आईच्या स्कूटरचं रनिंग 11,800 किलोमीटर होतं. तक्त्यात फिल्टर आणि प्लगची वेळ झालेली होती, बेल्टची नव्हती. हे मी बिल आल्यावर वाचलं, म्हणून तुम्हाला आधी वाचायला सांगतो आहे. तक्त्याबाहेरचं काम कधी खरंच लागतं, पण मग त्याचं कारण विचारायला आपल्याकडे आधार असतो.

सकाळी गाडी देताना मीटरचं रीडिंग, पेट्रोलचा काटा आणि चारही बाजूंचे ओरखडे यांचे फोटो काढा, डिकी रिकामी करा. हे दोन मिनिटांत होतं. खरा वेळ द्यायचा तो जॉब कार्डाला, म्हणजे करायची कामं आणि अंदाजे खर्च लिहून आपली सही घेतात त्या कागदाला. सल्लागार (काउंटरवर गाडी घेणारा कर्मचारी) तोंडाने सांगेल ती रक्कम आणि कार्डावर लिहिलेली रक्कम एकच आहे का पाहा. रकमेची जागा कोरी असेल तर सही करू नका. खाली बारीक अक्षरात, बहुतेक इंग्रजीत, कधीकधी एक ओळ असते: आवश्यक वाटल्यास जादा काम करायची ग्राहकाची संमती आहे. ती ओळ खोडा आणि शेजारी छोटी सही करा. मग सहीच्या वर स्वतःच्या हाताने मराठीत लिहा: "अंदाजे खर्च रु. 1,150. यापुढील कोणतेही काम माझ्या लेखी मंजुरीशिवाय करू नये. बदललेले जुने पार्ट परत द्यावेत." दोन्ही प्रतींवर लिहा आणि फोटो घ्या. मागे रांग असते, सल्लागार घाईत असतो, आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. तरी लिहा. माझ्या अनुभवात यावरून गाडी घ्यायला कुणी नकार दिलेला नाही. कार्डावर मोबाइल नंबर मात्र निर्णय घेणाऱ्याचा द्या. गाडी आईची आणि निर्णय मुलीचा असेल तर नंबर मुलीचा.

इंजिन फ्लशिंग, इंजेक्टर क्लीनिंग, कोटिंग, गाडी मोठी असेल तर एसीचं निर्जंतुकीकरण, ही कामं बिलात अलगद येऊन बसतात. नको असतील तर नावं घेऊन आधीच नाही म्हणा.

फोन आला तर निर्णय फोनवर देऊ नका. "मेसेज करा, दहा मिनिटांत कळवतो," एवढंच बोला आणि तो मेसेज येईपर्यंत काहीही कबूल करू नका. "गाडी खोलून ठेवली आहे, आता नाही म्हणालात तर तशीच जोडावी लागेल," असं सांगतील. जोडू द्या. हवं असेल तर बेल्टचा फोटो ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा. भेगा आहेत की नाहीत हे त्याला फोटोवरूनही बरंचसं कळतं.

एवढं करूनही बिल फुगलेलं आलं तर काउंटरवर शांत उभं राहायची तयारी लागते, कारण किल्ली त्यांच्याकडे असते. इथे कायदा दोन्ही बाजूंनी माहीत असावा. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 170 प्रमाणे, वस्तू ज्या कामासाठी दिली ते काम कसब आणि मेहनत लावून करणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. म्हणजे ठरलेले 1,150 न देता गाडी मागायचा हक्क आपल्याला नाही. पण या हक्काचा पाया 'ज्या कामासाठी दिली' हा आहे. न सांगितलेल्या कामासाठी गाडी अडवून धरणं त्यात बसत नाही, असं माझं वाचन आहे, आणि काउंटरवर मी हेच आवाज न चढवता सांगतो. बिलाच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा: हे कुणी मंजूर केलं, कधी, कुठे लिहिलंय? जुने पार्ट समोर मागा. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडे परत जाऊ शकतो, पण ज्याचे पैसे तुम्ही मोजता तो दाखवायला काय अडचण आहे? नव्या पार्टचं खोकंही मागा, त्यावर पार्ट नंबर आणि छापील किंमत असते. ती बिलाशी ताडून पाहा.

बिल पक्कंच घ्या. त्यावर जीएसटी क्रमांक हवा (महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, गोव्यातला 30 ने), पार्ट आणि मजुरी वेगवेगळी हवी. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे वाक्य बोलल्यावर छपाईयंत्र बहुधा चालू होतं.

गाडी त्याच दिवशी हवीच असेल, उद्या तिच्यावरच कामाला जायचं असेल, तर पैसे भरा, पण हरकत नोंदवून भरा. बिलाच्या त्यांच्या प्रतीवर लिहा: "रु. 3,720 च्या कामाला मंजुरी दिली नव्हती. गाडी ताब्यात घेण्यासाठी हरकतीसह रक्कम भरली." लिहू देत नसतील तर तिथेच उभं राहून तोच मजकूर त्यांच्या व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर पाठवा, आणि मग पैसे द्या. रोख देऊ नका. यूपीआय किंवा कार्डाची नोंद राहते. आईने हे केलं नव्हतं, मुकाट्याने पैसे देऊन घरी आली आणि दोन दिवस मला सांगितलंही नाही. आपलीच चूक झाली असं तिला वाटत राहिलं, याचा मला त्या पैशांपेक्षा जास्त त्रास झाला.

नंतरची फाइल त्याच रात्री लावा: जॉब कार्ड, बिल, पैसे दिल्याची नोंद, फोटो, कॉलची वेळ दाखवणारा स्क्रीनशॉट, पुस्तिकेतला तक्ता आणि काय घडलं त्याची तारीखवार अर्ध्या पानाची हकीकत. मूळ चॅट पुसू नका. मग मॅनेजरला ईमेल करा, प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला. त्यात राग नको, आकडे हवेत: काय ठरलं, काय लावलं, किती परत हवे, किती दिवसांत. मी पंधरा दिवस दिले. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, तिथे मराठीतही बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही चालते, वकील लागतोच असं नाही, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. अर्ज कसा लिहावा हे अडलं तर जवळच्या ग्राहक पंचायतीत विचारा.

आमचं आयोगापर्यंत गेलं नाही. ईमेलनंतर अकराव्या दिवशी 2,900 रुपये परत आले. उरलेले 820 फिल्टर आणि प्लगचे होते. ते खरोखर बदलले होते, तक्त्याप्रमाणे वेळही झाली होती, म्हणून ते आम्ही मागितले नाहीत. पुढच्या सर्व्हिसिंगला आई एकटीच गेली. दुपारी तिचा मला मेसेज आला, त्यात ब्रेक शूचा फोटो होता आणि खाली तिने त्यांना पाठवलेलं उत्तर: "किंमत लिहा, मग सांगते."