मोबाइलवर बुद्धिबळ शिकताय? ॲप निवडताना या चुका टाळा

परभणीत मी लेकरांना बुद्धिबळ शिकवतो. नवे पालक आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, सगळ्यात तगडं ॲप कोणतं?" इथंच पहिली चूक होते.

नॉर्वेचा माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसनचं सर्वोच्च रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) २८८२, तेही २०१४ सालचं. त्याच्या पुढं अजून कुणी माणूस गेलेला नाही. स्टॉकफिश हे फुकट मिळणारं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, साध्या मोबाइलवरही त्याला भारी पडेल. २००९ साली ब्युनॉस आयर्सच्या कोपा मर्कोसूर स्पर्धेत 'पॉकेट फ्रिट्झ ४' हा असाच प्रोग्राम एका मोबाइलवर खेळला आणि १० पैकी साडेनऊ गुण घेऊन पहिला आला. तेव्हाच ताकद एवढी होती, मग आज तिच्यामागं कशाला धावायचं? ती कमी कशी करता येते ते बघा. कित्येक ॲपची सोपी लेव्हल वीस चाली उस्तादासारखी खेळते आणि मग एकदम वजीर फुकट देते. लेकरू जिंकतं, पण समोरच्यानं चूक करायची वाट बघत बसायची सवय लागते. मी आधी लेकराला पाच डाव खेळायला लावतो. हरणं-जिंकणं साधारण निम्मं-निम्मं झालं, तर तीच लेव्हल त्याला देतो.

दुसरी चूक मला फार लागलेली आहे. चाल मागं घेण्याचं बटण. माझ्याकडं एक हुशार पोरगा होता. वडिलांच्या मोबाइलवर रोज दहा डाव जिंकायचा. जिल्ह्याच्या स्पर्धेत चौथ्या फेरीत त्यानं घोडा उचलला, मग चूक दिसली, घोडा परत ठेवला आणि प्यादं धरलं. पंच आले. हात लावला तो मोहरा हलवायचा, हा नियम. तो घोडा नेमका वजिराच्या आड उभा होता. घोडा हलला आणि समोरच्या उंटानं वजीर घेतला. पोरगा घरी जाईस्तोवर बोलला नाही. त्याला रागवावं असं मला वाटलं नाही, रोज पन्नास वेळा चाल मागं घेणाऱ्या बोटाला दुसरं काय येणार? तेव्हापासून माझ्याकडं ते बटण बंद, आणि बंद होत नसेल तर ते ॲपच नको. शेजारी लाकडी पट मांडायचा, इंजिनची चाल त्यावर खेळायची, विचार पटावर करायचा, मगच स्क्रीनला बोट लावायचं.

नेटशिवाय न चालणारं ॲप एकटं ठेवू नका. खेड्यात लाइट गेली की रेंजही जाते. ड्रॉइडफिश या ॲपमध्ये स्टॉकफिश आतच असतं, नेट लागत नाही. माणसांशी खेळायला लिचेस ठेवा: फुकट, जाहिराती नाहीत.

इंजिनकडून डावाचं विश्लेषण तासभर चालू ठेवू नका. मे महिन्यात इथं पारा ४२ च्या वर जातो, मोबाइल तापतो आणि इंजिनही मंदावतं.

वर्षाचे पैसे पहिल्याच दिवशी भरू नका. फुकट मिळतं तेवढं महिनाभर वापरा.

डाव पीजीएनमध्ये (चाली लिहून ठेवलेल्या साध्या फाइलमध्ये) बाहेर काढता येत नसतील तर ते ॲप नको. मोबाइल बदलला की हरलेले डाव जातात, आणि शिकवताना मला तेच डाव लागतात.