‘मला गाडी लागते’ असे कोणाला सांगावे लागू नये : वर्गाची सहल ठरवताना

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षे नववी-दहावीच्या वर्गांना शिकवतो. सहलीची सूचना वर्गात वाचून दाखवली की दुसऱ्या दिवशी पाच-सहा मुले टेबलाजवळ येऊन हळू आवाजात सांगतात, “सर, मला गाडी लागते.” सुरुवातीची काही वर्षे मी ते खरे मानले, एकाला तर आल्याचा तुकडा तोंडात धर, असा सल्लाही दिला. पुढे लक्षात आले की यातलीच काही मुले दरवर्षी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांड्याकुंड्यांच्या बोचक्यांवर बसून, कोल्हापूर-सांगलीपर्यंतचा प्रवास करतात आणि तेव्हा त्यांना गाडी लागत नाही. “घरी पैसे नाहीत” हे चौदा वर्षांच्या मुलाला वर्गासमोर सांगता येत नाही, म्हणून ते गाडी लागण्याचे कारण पुढे करते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या कलम ३१ मध्ये विश्रांती, विरंगुळा आणि खेळ हा प्रत्येक मुलाचा हक्क म्हणून नोंदवलेला आहे आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. तरीही आपल्याकडे सहलीची पहिली यादी तयार होते ती पैसे भरणाऱ्यांची. माझे म्हणणे इतकेच आहे की पहिली यादी हजेरीपटावरून करावी, म्हणजे वर्गातील प्रत्येक नाव येणार असे धरून चालावे आणि मग एकेका नावाच्या वाटेत काय अडते ते शोधून दूर करावे. हे कसे करता येते ते आमच्या वेरूळच्या सहलीच्या आधाराने सांगतो.

सर्वांत आधी तारीख पाहावी, कारण पैशांच्या आधी तारीखच मुले गाळते. शाळांच्या सहली बहुधा डिसेंबर-जानेवारीत निघतात. आमच्या भागातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. त्यामुळे हिवाळ्यातील सहलीच्या दिवशी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेल्या घरांची मुले एकतर फडात असतात, नाहीतर आजीजवळ राहून धाकट्या भावंडांना सांभाळत असतात किंवा हंगामी वसतिगृहात असतात. आम्ही सहल ऑगस्टच्या अखेरीस नेऊ लागलो. तेव्हा खुरपणी उरकलेली असते, सोयाबीनची काढणी आणि कापूस वेचणी सुरू व्हायची असते आणि वेरूळच्या डोंगरावरून पावसाचे पाणीही वाहत असते. आपल्या गावाचे वेळापत्रक वेगळे असेल. मासेमारीच्या गावाला, वीटभट्टीच्या गावाला, आठवडी बाजारावर जगणाऱ्या गावाला आपापला मोकळा आठवडा असतो, तो पालकांना विचारूनच कळतो. शाळा सोडून दुकानात कामाला लागलेल्या मुलांना न्यायचे असेल तर बाजारपेठेच्या साप्ताहिक सुट्टीचा वार धरावा, कारण त्यांचा एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, हेही तारीख पक्की करण्यापूर्वी पाहून घ्यावे.

आता पैसे. एसटी महामंडळ शैक्षणिक सहलींसाठी प्रासंगिक करारावर, म्हणजे पूर्ण गाडी भाड्याने, देते आणि शाळा-महाविद्यालयांना भाड्यात ५० टक्के सवलत असते. मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन आगारात जावे, किलोमीटरचा आणि थांबण्याच्या वेळेचा हिशेब लेखी घ्यावा आणि मागणी आधीच नोंदवावी. गट लहान असेल आणि नेहमीच्या गाडीने जाणार असेल तर १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना आणि मुलींना एसटीत अर्धेच तिकीट लागते, आणि दिव्यांग प्रवाशांना ७५ टक्के सवलत आहे. लांबच्या प्रवासासाठी रेल्वेकडे ग्रामीण भागातील शासकीय शाळांच्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा अभ्याससहलीकरिता दुसऱ्या वर्गात ७५ टक्के सवलत मिळते. आपली शाळा त्यात बसते का, हे स्थानकावर आधी विचारून घ्यावे. वेरूळला १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, त्यावरील भारतीयांना ४० रुपये आहे. दहावीच्या वर्गात काहींना तिकीट लागते आणि काहींना लागत नाही. ती रक्कम एकूण खर्चात मिसळून टाकावी, मुलांकडून वेगवेगळी घेऊ नये.

एकूण खर्च निघाला की तो फळ्यावर मांडावा. त्यानंतरची आमची पद्धत अशी आहे. शाळा उघडल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येकाला एकसारखे पाकीट दिले जाते आणि प्रत्येकाने ते दुसऱ्या दिवशी पेटीत टाकायचे असते. त्यात पन्नास रुपये असोत, दहा असोत की काहीच नसो, पाकीट मात्र सर्वांचे येते, त्यावर नाव नसते आणि पेटी मी व आणखी एक शिक्षिका मिळून उघडतो. पहिल्या वर्षी मला भीती होती की ज्यांची ऐपत आहे तेही रिकामे पाकीट देतील; तसे फारसे झाले नाही, आणि जे झाले त्याने सहल अडली नाही. तूट राहते ती माजी विद्यार्थ्यांकडून आणि गावातील दुकानदारांकडून भरून घ्यावी, परंतु देणगीदाराला आधीच सांगावे की त्याच्या पैशाने कोण गेले हे त्याला कळणार नाही आणि मुलांना ओळीत उभे करून छायाचित्रही काढले जाणार नाही. ही अट न मानणाऱ्याची देणगी आम्ही एकदा परत केली आहे.

सहलीची वर्गणी माफ केली की काम झाले, असे पुष्कळांना वाटते, परंतु मुलाला खरा खर्च त्यानंतरच दिसतो. नवे बूट, पाठीवरची सॅक, डब्यात काय न्यायचे आणि सर्वांत अवघड म्हणजे खाऊचे पैसे. एका सहलीत मी पाहिले की रसवंतीवर सगळी मुले उतरली आणि एक मुलगी गाडीतच बसून राहिली. तिच्या पायांत मोठ्या बहिणीच्या चपला होत्या, एक नंबर मोठ्या, आणि ती त्या सीटखाली सरकवत होती. वर्गणी तिच्याकडून घेतलेली नव्हती, तरीही ती सहलीत नव्हतीच. तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. सर्वांनी कापडी पिशवी आणायची आणि शाळेचाच गणवेश घालायचा. जेवण, चहा, रस हे सगळे सामाईक खर्चातून होते आणि डबे उघडले की भाकरी, ठेचा, धपाटे मोठ्या कागदावर एकत्र मांडले जातात. खाऊचे पैसे कोणीही आणायचे नाहीत, शिक्षकांनीही मुलांसमोर वेगळे काही विकत घ्यायचे नाही. या तिसऱ्या नियमावर काही पालक नाराज होतात. त्यांना शांतपणे कारण सांगावे, पण नियम सोडू नये.

मुलींच्या बाबतीत अडचण पैशांची कमी आणि परवानगीची जास्त असते. बहुतेक सहली एका दिवसात वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद आणि बीबी का मकबरा असे सगळे कोंबतात आणि मध्यरात्री परततात. त्या मध्यरात्रीपायी निम्म्या मुलींची नावे कटतात. आम्ही फक्त वेरूळ पाहतो. आमच्या गावाहून पहाटे पाचला निघालो की नऊ-साडेनऊला पोहोचतो आणि संध्याकाळी साडेसात-आठपर्यंत मुले घरी असतात. परवानगीसाठी चिठ्ठी पाठवून भागत नाही. शिक्षिकेला बरोबर घेऊन घरी जावे, आईशी बोलावे, आणि घरात आजी किंवा आजोबा असतील तर आधी त्यांच्याशी बोलावे, कारण नकार बहुधा तिथूनच येतो. गाडी कुठे थांबेल, स्वच्छतागृह कुठे आहे, पाळी आली तर काय सोय आहे, कोणाच्या फोनवर संपर्क होईल, हे विचारण्याआधी सांगावे. आणि दोन आयांना सहलीला चला म्हणावे. गेल्या वेळी आलेल्या एका आईने परतताना मला सांगितले की माहेर-सासर आणि ऊसतोडीचे फड सोडून तिने पाहिलेले हे पहिले गाव. त्या घराने पुढच्या वर्षी धाकट्या मुलीसाठी आम्ही विचारण्याआधीच परवानगी दिली.

ज्याला चालता येत नाही त्याला विचारून ठिकाण निवडावे, ठिकाण निवडून मग त्याला विचारू नये. अजिंठ्याला पायऱ्यांची चढण आहे. वेरूळला १६ क्रमांकाच्या कैलास लेण्याचे प्रांगण जमिनीच्या पातळीवर आहे, त्यामुळे चाकाच्या खुर्चीतील मुलालाही आत जाऊन बरेच काही जवळून पाहता येते. त्याच्याबरोबर राहणारे मित्र आळीपाळीने बदलावेत, म्हणजे कोणा एकाची सहल त्या कामात जात नाही.

तिथे पोहोचल्यावर ३४ लेणी पळत पाहण्यापेक्षा तीन नीट पाहावीत : एक बौद्ध, एक हिंदू, एक जैन. कैलास हे आठव्या शतकातील, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील लेणे, डोंगर वरून खाली कोरत आणलेले. मी हे मुलांना सांगत होतो तेव्हा वडार वस्तीतला एक मुलगा भिंतीजवळ उभा राहून दगडावरच्या रेषा निरखत होता. तो म्हणाला, “सर, हा माणूस डावरा होता. छिन्नीचा घाव बघा कुणीकडून आलाय.” त्याचे वडील पाटे-वरवंटे टाकवतात, म्हणजे छिन्नीने त्यांना टाके घालून देतात. मग वर्गाने भिंतीवरचे घाव त्याच्याकडून समजून घेतले आणि मी ऐकत उभा राहिलो. आधीची दोन वर्षे या मुलाला गाडी लागत होती. म्हणून सहलीपूर्वी आठवडाभर मुलांना विचारावे की तुमच्या घरी दगडाचे, मातीचे, लाकडाचे, शेतीचे कोणते काम चालते, आणि प्रत्येकाला तिथे शोधायला एकेक गोष्ट द्यावी.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी जमा आणि खर्चाच्या एकूण रकमा सूचनाफलकावर लावाव्यात, कोणाचेही नाव न घालता. ‘माझी सहल’ हा निबंध आम्ही आता सगळा वर्ग गेला असेल तरच देतो. आजारपणामुळे कोणी राहिले असेल तर विषय बदलतो. उरलेले पैसे पेटीत ठेवून पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते आणि टोळ्या गाव सोडण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आधीच्या पालकसभेत, पुढच्या ऑगस्टची तारीख पालकांना विचारून ठरवली जाते.