खलनायक कंपनीचा हेतू पटत नाही? विज्ञानकथा लिहिताना या चुका टाळा

विज्ञानकथेचा पहिला खर्डा कुणाला वाचायला दिला की एक प्रश्न हमखास येतो: "पण ही कंपनी असं का करतेय?" मंगळावरची वसाहत नीट उभी केलेली असते, यानांचं तंत्र पटणारं असतं, नायिकाही जिवंत वाटते. मग कंपनीचा अध्यक्ष वसाहतीत विषाणू सोडतो, कारण त्याला सत्ता हवी असते. तिथे वाचकाचा विश्वास उडतो आणि पुढची शंभर पानं तो परत मिळत नाही.

मला वाटतं, कंपनीसाठी एखादा दुष्ट हेतू शोधत बसणं हीच मूळ चूक. कंपनीला हवं असतं ते बहुतेक वेळा अगदी साधं असतं. कर्जाचा हप्ता भरायचा असतो, प्रतिस्पर्ध्याच्या आधी बाजारात उतरायचं असतं, भागधारकांना मागच्या वर्षीइतका तरी लाभांश द्यायचा असतो. भयंकर असतं ते एवढंच, की त्याची किंमत दुसरंच कुणीतरी मोजत असतं, आणि त्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते. खालच्या जवळपास सगळ्या चुका इथूनच निघतात. दुरुस्तीसाठी मी पुन्हा पुन्हा इतिहासाकडे जाते, कारण खऱ्या कंपन्यांनी जे केलं ते बऱ्याचदा आपल्या कल्पनेच्या पुढचं आहे.

कंपनीला वाईटच वागायचं असतं

लक्षण ओळखायला सोपं आहे. कथेतल्या कंपनीनं तिची दुष्कृत्यं थांबवली, तर तिचं नुकसान काय होईल, हे लेखकाला सांगता येत नाही. उत्तर "काहीच नाही" असं असेल तर हेतू पोकळ आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचं बंगालमधलं वागणं या कसोटीवर लावून पाहा. 1765 मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा हक्क, कंपनीच्या हाती आला. लंडनमधल्या भागधारकांना वाटलं, आता पैशांचा ओघ कधी आटणारच नाही. समभागांचे भाव त्या आशेवर चढले. 1769-70 मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. पण लष्कराचा खर्च, माल विकत घ्यायचा पैसा आणि लंडनचा लाभांश, तिन्ही महसुलाच्या आकड्यावर टेकलेले. म्हणून वसुली थांबली नाही. नोव्हेंबर 1772 मध्ये बंगालचे गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज यांनी लंडनच्या संचालकांना कळवलं, की किमान एक तृतीयांश लोकसंख्या नाहीशी होऊनही 1771 ची निव्वळ वसुली दुष्काळाआधीच्या 1768 पेक्षाही जास्त आहे. 1771 मध्ये भागधारकांनी साडेबारा टक्के लाभांश घेतला.

आणि एवढं करूनही कंपनी बुडायला आली. 1772 मध्ये तिला सरकारपुढे हात पसरावे लागले, पुढच्या वर्षी 14 लाख पौंडांचं कर्ज मिळालं. गोदामांत चहा पडून होता. तो अमेरिकेतल्या वसाहतींत खपावा म्हणून 1773 चा चहा कायदा झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो चहा बोस्टनच्या बंदरात फेकला गेला.

ही साखळी मी विज्ञानकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाला वाचायला सांगते. यात माणसं मारण्याची इच्छा कुणाची नाही. वसुलीचा आकडा खाली आणता येत नाही, कारण त्याच्यावर आणखी तीन आकडे उभे आहेत. तुमच्या कंपनीबद्दल आधी हे ठरवा: कोणता आकडा तिला कमी होऊ देता येत नाही, आणि तो कमी झाला तर सगळ्यात आधी कोण बुडतं?

हव्या असलेल्या वस्तूचा हिशोब बसत नाही

परग्रहावरची कंपनी पृथ्वीवर पाण्यासाठी चाल करून येते, ही कल्पना अजूनही लिहिली जाते. गुरूच्या युरोपा या चंद्राच्या बर्फाखाली पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांहून जास्त पाणी असावं असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, आणि तिथे अडवायला कुणी नाही. चंद्रावरचा हेलियम-3, म्हणजे अणुसंमीलनासाठी इंधन होऊ शकेल असा वायू, हा दुसरा आवडता हेतू. तो तिथल्या मातीत अब्जांत मोजके भाग इतकाच असतो, म्हणजे एक टन मिळवायला कोट्यवधी टन माती उकरून तापवावी लागेल. अशा कंपनीची कथा लिहायची तर माती उकरणाऱ्या यंत्रांचं कर्ज हा हेतूचा भाग झाला पाहिजे.

लघुग्रहावरच्या सोन्याचं तर विचारूच नका. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानानं सप्टेंबर 2023 मध्ये बेन्नू लघुग्रहावरून 121.6 ग्रॅम नमुना आणला आणि त्या मोहिमेचा खर्च एक अब्ज डॉलरच्या वर होता. ती मोहीम विज्ञानासाठी होती, हे खरं, पण वाहतुकीचा भार त्यातून कळतो. शिवाय सोनं खरोखर टनांनी आणलं तर भावच कोसळेल.

यावरचा चांगला उपाय म्हणजे हेतू वस्तूत न ठेवता तिच्या टंचाईत ठेवणं. डच ईस्ट इंडिया कंपनीला जायफळ हवं होतं असं आपण म्हणतो. खरं तर तिला हवं होतं की दुसऱ्या कुणाकडे जायफळ नसावं. 1621 मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान कून यानं आजच्या इंडोनेशियातल्या, जायफळाच्या बांदा बेटांवर स्वारी केली. तिथल्या सुमारे 15,000 माणसांपैकी बहुतेक मारली गेली, उपासमारीनं गेली, पळाली किंवा गुलाम झाली. नंतर मोलुक्का बेटांवर ठरवलेली जागा सोडून इतरत्र वाढणारी लवंगेची झाडं कंपनीनं तोडून टाकली. मसाल्याच्या लोभापेक्षा हा हेतू कितीतरी थंड आहे, आणि कथेसाठी कितीतरी श्रीमंत.

शिसेयुक्त पेट्रोलची गोष्टही अशीच. 1921 च्या डिसेंबरात जनरल मोटर्ससाठी काम करणारे संशोधक थॉमस मिजली यांना इंजिनाची खडखड थांबवणारं शिशाचं संयुग सापडलं. अल्कोहोल मिसळूनही खडखड कमी होत असे, हे त्यांच्या गटाला माहीत होतं. पण अल्कोहोल कुणीही गाळू शकतो, त्याचं पेटंट घेऊन बसता येत नाही. 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात या संयुगामुळे कामगारांना भ्रम होऊ लागले आणि माणसं दगावली. तरी ते पेट्रोल पुढे अनेक दशकं जगभर विकलं गेलं. भविष्यातल्या औषधाची, बियाण्याची किंवा श्वासातून घ्यायच्या वायूची कथा लिहिताना "हे पेटंट होतं का" एवढा एक प्रश्न विचारला तरी अर्धा कट आपोआप उलगडतो.

आपलंच गिऱ्हाईक मारणारी कंपनी

अंतराळ वसाहतीत प्राणवायू विकणारी कंपनी थकबाकीदाराचा पुरवठा तोडते आणि तो मरतो. प्रसंग परिणामकारक वाटतो, पण मेलेला माणूस थकबाकी फेडत नाही, आणि त्याला पृथ्वीवरून तिथवर आणायचा खर्च कंपनीनंच केलेला असतो. तो जिवंत आणि कर्जात राहण्यातच तिचा फायदा.

शिकागोजवळचं पुलमन हे गाव पाहा. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमन यांनी कामगारांसाठी ते वसवलं. घरं, दुकानं, वाचनालय, सगळं कंपनीचं, आणि गुंतवणुकीवर सहा टक्के परतावा मिळावा असं धोरण. 1893 च्या मंदीत मजुरी सुमारे पाव हिश्शानं कापली गेली, भाडं मात्र तसंच राहिलं. कारखान्याचा हिशोब वेगळा आणि घरांचा वेगळा, एवढंच त्यामागचं उत्तर. 1894 च्या मे महिन्यात संप झाला, तो देशभराच्या रेल्वेत पसरला आणि केंद्र सरकारनं सैन्य पाठवलं.

तुमच्या वसाहतीत प्राणवायूचं खातं आणि पगाराचं खातं असंच वेगळं ठेवा. दोन्ही अधिकारी आपापल्या जागी बरोबर असतील आणि मधला कामगार दोघांच्यात चेपला जाईल.

सगळी कंपनी एकाच डोक्यानं चालते

ही चूक कुशल लेखकही करतात. कंपनीतले पन्नास हजार लोक एकाच हेतूनं पछाडलेले दाखवले जातात. प्रत्यक्षात विक्रीच्या माणसाला करार हवा असतो, अभियंत्याला मुदत गाठायची असते, वकिलाला कागदावर काही नको असतं.

बोईंग 737 मॅक्सचा इतिहास इथे उपयोगी पडतो. एअरबसनं 2010 च्या डिसेंबरात कमी इंधन खाणारं ए320 निओ जाहीर केलं, आणि 2011 मध्ये अमेरिकन एअरलाइन्ससारखं जुनं गिऱ्हाईक एअरबसकडे मोठी मागणी नोंदवून बसलं. बोईंगनं नवं विमान घडवण्याऐवजी जुन्याच 737 ला मोठी इंजिनं बसवायचं ठरवलं. वैमानिकांना सिम्युलेटरवर नवं प्रशिक्षण लागू नये, हा विक्रीचा मुद्दा झाला. ते लागलंच तर साउथवेस्ट एअरलाइन्सला प्रत्येक विमानामागे दहा लाख डॉलर परत द्यायचं कलम होतं. मग मोठ्या इंजिनांमुळे बसवाव्या लागलेल्या, विमानाचं नाक आपोआप खाली दाबणाऱ्या एमकॅस प्रणालीचा वैमानिकांच्या पुस्तिकेत उल्लेखच राहिला नाही. ती प्रणाली एका वेळी एकाच संवेदकावर विसंबून होती. ऑक्टोबर 2018 आणि मार्च 2019 मधल्या दोन अपघातांत 346 माणसं गेली. एवढ्या साखळीत "माणसं मेली तरी चालतील" असं म्हणणारी जागा शोधून सापडत नाही. प्रत्येकानं आपल्यापुरता एक अडथळा दूर केला होता.

विज्ञानकथेत याला अंतराची जोड मिळते. पृथ्वीवरून मंगळावर निरोप पोचायला 3 ते 22 मिनिटं लागतात, जवळच्या ताऱ्यावर चार वर्षांहून जास्त. ईस्ट इंडिया कंपनीच्या दिवसांत लंडनहून कलकत्त्याला पत्र पोचायला बरेच महिने लागत, आणि त्या काळात तिचे नोकर स्वतःचा खासगी व्यापार करून गबर होत. तुमच्या दूरच्या वसाहतीतला प्रशासक मुख्यालयाच्या हेतूनं चालेलच कशाला? त्याला स्वतःचं घर भरायचं असेल, किंवा बदली होण्याआधी आकडे चांगले दाखवायचे असतील.

प्रत्येक अपघातामागे कट

दुर्घटना कंपनीनं "घडवून आणली" असं दाखवायचा मोह होतो. तो आवरा. भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री, विषारी वायू सुटला तेव्हा, काय अवस्था होती ते बघा. कीटकनाशकाची मागणी घटलेली, कारखाना तोट्यात, तो विकण्याचा विचार चाललेला. माणसं कमी केलेली. 40 टनांच्या आसपास मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन एका टाकीत साठलेलं. ती थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली. सुटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठी काढलेला. एकेका निर्णयाला त्या त्या दिवशी कारण होतं. हजारो माणसं मेली, आणि 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. भोपाळबद्दल माझ्या मनात आजही संताप आहे, म्हणूनच कटाच्या सोप्या कथा मला खटकतात. कट म्हटलं की दोषी एकटाच उरतो आणि बाकीचे सुटतात.

हा साचा चंद्रावर नेऊन पाहा. दक्षिण ध्रुवाजवळच्या सावलीतल्या विवरांतून बर्फ काढून इंधन बनवणारी एक कंपनी समजा. चंद्राची धूळ टोकदार असते. अपोलो 17 चे अंतराळवीर हॅरिसन श्मिट यांना 1972 मध्ये तिच्यामुळे शिंका आणि चोंदलेलं नाक असा त्रास झाला होता. तळावरचे हवेचे फिल्टर दर 30 दिवसांनी बदलायचे आहेत. इंधनाचा भाव पडतो, पुढचं मालवाहू यान महाग होतं, कुणीतरी मुदत 45 दिवसांची करतं. काही होत नाही. मग 60. आता 45 दिवसांचा अनुभवच 60 चा पुरावा म्हणून वापरला जातो. तळावरचा डॉक्टर खोकल्याच्या नोंदी पाठवतो, पण त्याचा करार संपत आलाय आणि तो वाढवणं फिल्टरची मुदत वाढवणाऱ्या त्याच अधिकाऱ्याच्या हाती आहे. इथपर्यंत आलात की खलनायक वेगळा घडवावा लागत नाही.

कायदा, विमा आणि सरकार गायब

यावर फार लिहायला नको, पण विसरू नका. 1967 च्या अंतराळ करारानुसार कुठल्याही देशाला चंद्रावर मालकी सांगता येत नाही, आणि खासगी कंपनीच्या अंतराळातल्या कामाची जबाबदारी तिच्या देशावर असते. अंतराळात खणून काढलेल्या खनिजावर कंपनीचा हक्क मान्य करणारे कायदे 2015 मध्ये अमेरिकेनं आणि 2017 मध्ये लक्झेंबर्गनं केले. जमीन कुणाची नाही, पण खणून काढलेलं माझं. या फटीत राहण्यासाठी एखादी कंपनी काय काय करेल, यावरच एक कादंबरी उभी राहू शकते.

शेवटचं भाषण

हेतू नीट बांधला तरी बरेच लेखक तो अध्यक्षाच्या तोंडून शेवटच्या प्रकरणात वदवून घेतात. त्याऐवजी कागद दाखवा. अफूच्या व्यापाराचा कागद कसा होता पाहा: चीनमध्ये बंदी होती, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनं आपल्या जहाजांवर अफू नेऊ दिली नाही. कंपनी कलकत्त्यात तिचा लिलाव करी, पुढचं खासगी व्यापारी बघत, आणि त्यांनी आणलेल्या चांदीवर चीनमधल्या कँटन बंदरात कंपनीची चहाखरेदी चाले. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाऊ लागली तेव्हा कंपनीनं तिच्या परवान्यावर शुल्क घेतलं. कागदोपत्री ती फक्त लिलाव करत होती. लिलावाची जाहिरात, परवाना आणि चहाची पावती असे तीन कागद नायिकेच्या हाती लागले, तर ती ते स्वतः जोडेल, वाचकही जोडेल.

आणि कंपनीच्या बाजूनं बोलणाऱ्या पात्राला खरा युक्तिवाद द्या. फिल्टरची मुदत वाढवणारा तो अधिकारी म्हणू दे, की हप्ता चुकला तर तळच बंद होईल आणि इथली दोनशे माणसं घरी पाठवायला यानसुद्धा मिळणार नाही. त्याचं म्हणणं खरं आहे असं कथेत राहू दे. मग नायिकेला त्याच प्रसंगात त्याच्यासमोर उभं करा आणि तिला काय उत्तर सुचतं ते लिहून पाहा. ते लिहायला जड गेलं, तर तुमचा हेतू जमलाय.