अतिदक्षता विभागात पुरावा वाचताना या चुका टाळा

रात्रीच्या फेरीत एखादा रेसिडेंट मोबाइल पुढे करतो. "सर, नवीन स्टडी आलाय, हे देऊया का?" मी विचारतो, "पूर्ण वाचलास?" उत्तर ठरलेलं: सारांश वाचला, किंवा ग्रुपवर कुणीतरी टाकलेला स्क्रीनशॉट. खानदेशात अतिदक्षता विभाग सांभाळताना हा संवाद इतक्या वेळा झालाय, की एकदा लिहूनच काढावं म्हटलं.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे तुलना कशाशी होती हे न पाहणं.

कपाशीच्या फवारणीचे दिवस होते. रात्री दहाच्या सुमारास तालुक्याहून बावीस वर्षांचा मुलगा आला, फवारणीचं औषध प्यालेला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. वडील हात जोडून एकच विचारत होते, "डॉक्टरसाहेब, मना पोऱ्या वाची ना?" ड्यूटीवरचा रेसिडेंट हुशार होता. पॅमचा, म्हणजे अशा विषावर उतारा म्हणून देतात त्या प्रॅलिडॉक्सिमचा, बारामतीचा अभ्यास त्याला तोंडपाठ होता. २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, २०० रुग्ण, दर तासाला एक ग्रॅम सतत दिलेल्या गटात मृत्यू १ टक्का, दर चार तासांनी एक ग्रॅम दिलेल्या गटात ८ टक्के. आमच्याकडे पॅमचा साठा कमी होता. त्याने नातेवाइकांना गावभर मेडिकल पालथे घालायला पाठवलं आणि स्वतः फोनवर बसला. छातीतला स्राव सुकवणाऱ्या ॲट्रोपिनचा एक डोस गेला, नाडी वाढली, म्हणून पुढचा थांबला.

मी पोहोचलो तेव्हा चाळीस मिनिटं गेली होती. छाती अजून ओली, ऑक्सिजन ७८ वर. सक्शन केलं, श्वासनलिकेत नळी घातली, ॲट्रोपिन दर पाच मिनिटांनी दुप्पट करत नेलं. छाती कोरडी व्हायला बराच वेळ लागला. मुलगा अकरा दिवस व्हेंटिलेटरवर राहिला आणि चालत घरी गेला. पण ती चाळीस मिनिटं मला अजून टोचतात, कारण हे त्या रेसिडेंटला आधीच शिकवायची जबाबदारी माझी होती.

बारामतीच्या अभ्यासात पॅम न दिलेला गटच नव्हता. दोन्ही गटांना पॅम मिळालं, फरक होता तो देण्याच्या पद्धतीत. त्यामुळे 'पॅमने जीव वाचतो' हे त्यातून निघत नाही. रुग्णही मध्यम विषबाधेचे आणि लवकर पोहोचलेले होते. आता २००९ चा श्रीलंकेतला अभ्यास बघा. तिथे एका गटाला पॅम आणि दुसऱ्याला नुसतं सलाइन दिलं. पॅमच्या गटात १२१ पैकी ३० दगावले, सलाइनच्या गटात ११४ पैकी १८. विषाने बंद पाडलेलं रक्तातलं एन्झाइम मात्र पॅमने बऱ्याच रुग्णांत पुन्हा काम करू लागलं होतं. रिपोर्ट सुधारला, माणसं वाचली नाहीत. हा अभ्यासही ठरलेल्या संख्येआधी थांबला, फरक योगायोगाचाही असू शकतो, म्हणून 'पॅमने माणूस मरतो' असंही मी म्हणत नाही. माझी सवय सांगतो: आधी ॲट्रोपिन, ०.६ मिलिग्रॅमच्या तीन अँप्युलपासून सुरुवात, दर पाच मिनिटांनी दुप्पट, छाती कोरडी होईपर्यंत. नाडी वाढली म्हणून थांबायचं नाही. श्वासाची व्यवस्था त्याच्या बरोबरीने. पॅमचा विचार त्यानंतर.

दुसरी चूक वेळेची. रक्तस्राव आटोक्यात आणणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं, आणि २०१० च्या 'क्रॅश-२' या अभ्यासात २०,२११ जखमींवर पारखलेलं आहे. मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर आले. हे खरं आहे आणि मी ते देतो. पण पुढच्याच वर्षी त्याच आकड्यांची वेळेनुसार फोड झाली. तीन तासांनंतर दिलेल्यांत रक्तस्रावाने मरणारे उलट वाढले, ३.१ टक्क्यांऐवजी ४.४. धुळ्याजवळ महामार्गावर अपघात झाला तर जखमी तासाभरात टेबलावर असतो. धडगावच्या घाटात जीप उलटली तर तोच माणूस पाच तासांनी येतो. औषध तेच, पुरावाही तोच, पण निर्णय वेगळा. म्हणून माझ्याकडे केसपेपरवर इजा झाल्याची वेळ आधी लिहिली जाते, नाव-गाव नंतर.

डोक्याच्या मारात स्टेरॉइड देऊ नका. २००४ मध्ये १०,००८ रुग्णांवर हे तपासलं गेलं. दोन आठवड्यांत स्टेरॉइडवाले २१.१ टक्के दगावले, न दिलेले १७.९. तरी बाहेरून येणाऱ्या चिठ्ठीवर ते अजून दिसतं.

एकाच रुग्णालयातला चमत्कार लगेच उचलू नका. इन्सुलिनने रक्तातली साखर एकदम काटेकोर ठेवली की मृत्यू घटतात, असं २००१ मध्ये बेल्जियमच्या एका अतिदक्षता विभागातून आलं. २००९ मध्ये अनेक रुग्णालयांतल्या सहा हजारांवर रुग्णांत तसं केल्यावर मृत्यू वाढले, २४.९ वरून २७.५ टक्के.

आणि "मी दिलं, पेशंट बरा झाला" हे मला सांगू नका. न देता बरे झालेले तुम्ही मोजले नाहीत.

नवख्यांची घाई मला कळते. रात्री तीनला तीस पानं कोण वाचणार? पण मी तेवढं मागत नाही. फेरीआधी दहा मिनिटं काढा आणि वहीत चार ओळी लिहा: कोणते रुग्ण घेतले, कोणते वगळले, समोरच्या गटाला काय दिलं, दोन्हीकडे किती मेले. सारांशात वगळलेल्या रुग्णांचा उल्लेख बऱ्याचदा नसतो, आणि तिथेच माणूस फसतो.

मागच्या पावसाळ्यात सातपुड्यातून जुलाबाने सुकलेलं, हडकुळं पोर आलं. रेसिडेंट सलाइन द्यायला कचरत होता, कारण २०११ मध्ये आफ्रिकेतल्या ३,१४१ मुलांत झपाट्याने सलाइन दिल्यावर मृत्यू वाढल्याचं त्याने वाचलं होतं. मी त्याला वगळलेल्यांची यादी काढायला लावली. त्यात जुलाबाची मुलं होती, आणि तीव्र कुपोषितही. आमचं पोर दोन्ही होतं. तो कागद त्याच्याबद्दल बोलतच नव्हता. मग कुपोषणाचे वेगळे नियम काढले, थोडं थोडं पाणी दिलं, आणि दर पंधरा मिनिटांनी श्वास मोजत दोघंही पहाटेपर्यंत त्याच्या खाटेजवळ बसलो.