अमेरिकेतील मूलनिवासींच्या उगमाविषयीचा दावा कसा तपासावा

असा दावा वाचनात आला की तो कोणत्या पुराव्यावर उभा आहे, हे सर्वप्रथम पाहावे. केवळ कवटीच्या आकारावरून वंश ठरवलेला असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. वॉशिंग्टन राज्यात 1996 मध्ये कोलंबिया नदीकाठी सापडलेल्या, सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या ‘केनेविक मानवा’ची कवटी आजच्या मूलनिवासींशी जुळत नाही, असे काही अभ्यासकांनी ठामपणे मांडले आणि तेथील जमातींना आपल्या पूर्वजाचे दफन करण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. अखेर 2015 मध्ये त्याच्या हाताच्या हाडातून मिळालेला जनुकसंच (म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए) आजच्या मूलनिवासींनाच सर्वांत जवळचा निघाला आणि 2017 मध्ये त्याचे दफन झाले. हा अन्याय टाळता आला असता, असे मला ठामपणे वाटते.

दाखला डीएनएचा असेल, तर तो कोणता, हे विचारावे. मायटोकाँड्रियल डीएनए (पेशीतील मायटोकाँड्रिया या घटकांमधला डीएनए) केवळ आईकडून येतो, त्यामुळे असंख्य पूर्वजांपैकी एकाच स्त्रीपरंपरेची माहिती त्यातून मिळते. मूलनिवासींमध्ये आढळणाऱ्या त्याच्या ए, बी, सी, डी आणि एक्स या गटांपैकी एक्स गट युरोपातही असल्याने, अटलांटिक ओलांडून युरोपीय लोक तेथे आले, असा तर्क लढवला गेला. संपूर्ण जनुकसंच मात्र वेगळे सांगतो. मॉन्टानातील सुमारे 12,600 वर्षांपूर्वीच्या अँझिक या स्थळी सापडलेल्या बालकाची मुळे आशियातच पोहोचतात, तर सायबेरियातील बैकल सरोवराजवळील माल्टा येथे 24,000 वर्षांपूर्वी राहिलेल्या मुलाच्या समूहाकडून मूलनिवासींना साधारण एक तृतीयांश वारसा मिळाला. याच समूहाचा अंश युरोपीयांमध्येही उतरल्याने काही साम्य दिसते.

काळाच्या बाबतीत विशेष सावध राहावे. दोन समूह एकमेकांपासून केव्हा वेगळे झाले, याचा अंदाज जनुकांवरून बांधता येतो. ते अमेरिकेत केव्हा पोहोचले, हे मात्र न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथील 21,000 ते 23,000 वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणांसारख्या पुराव्यांवरूनच ठरते. ब्राझीलमधील सुरुई आणि करितियाना या मूलनिवासी जमातींमध्ये अंदमानातील ओंगे लोकांशी अल्प साम्य आढळले आहे, परंतु त्यावरून कोणी थेट भारतातून तेथे गेल्याचा निष्कर्ष काढू नये.

शेवटी, नमुने कोणत्या संमतीने घेतले, हेही तपासावे. ॲरिझोनातील हवासुपाई लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी दिलेले रक्त त्यांना न विचारता स्थलांतराच्या संशोधनातही वापरले गेले आणि तो वाद 2010 मध्ये भरपाई देऊन मिटवावा लागला.