ऑटोमॅटिकची मॅन्युअल केलेली गाडी: ईसीयूची कटकट कशी मिटवावी

गिअरबॉक्स बदलून झाला, क्लच बसला, गाडी पळतेय. पण चेक इंजिनचा दिवा जात नाही, सिग्नलला उभं राहिलं की रेस वरखाली होते आणि कधीकधी इंजिन ओढतच नाही. कारण सरळ आहे: ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरच्या लेखी गाडी अजून ऑटोमॅटिकच आहे. जुन्या गिअरबॉक्सकडून येणाऱ्या सिग्नलची तो वाट बघतोय. यावर ‘दिव्याचा बल्ब काढून टाक’ किंवा ‘दोन वायरी जोडून मोकळा हो’ असले सल्ले देणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. ईसीयूला खरी माहिती द्या, तो गप्प बसतो.

१. कंप्युटर एक की दोन, ते बघा

वायरिंग डायग्रॅम समोर ठेवा. काही गाड्यांत इंजिनचा आणि गिअरबॉक्सचा कंप्युटर वेगळा असतो, काहींत दोन्ही एकाच डब्यात. गिअरबॉक्सचा वेगळा कंप्युटर काढून टाकला की बहुतेक वेळा स्कॅनरवर यू ०१०१ हा संपर्क तुटल्याचा कोड (दोषाचा क्रमांक) येतो. एकाच डब्यात असेल तर पी ०७०० आणि त्याची भावंडं, म्हणजे गिअरबॉक्सच्या दोषाचे कोड येतात.

तुमच्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची मॅन्युअल गाडी कंपनीनं काढली असेल तर तिचा ईसीयू लावा, किंवा आहे त्याच ईसीयूत मॅन्युअलचं प्रोग्रॅमिंग करून घ्या. यापेक्षा चांगला उपाय नाही. ईसीयू बदलला तर इमोबिलायझरला (चोरीविरोधी यंत्रणेला) किल्ली नव्यानं ओळखवावी लागते, त्याची सोय आधी करा. आणि मॅन्युअल ईसीयू लावला म्हणून चौथी पायरी टळत नाही, क्लच आणि न्यूट्रलचे स्विच त्यालाही लागतातच.

२. स्कॅनरनं कोड वाचून लिहून ठेवा, मग पुसा

इग्निशन ऑन करताच परत येणारा कोड बहुधा तुटलेल्या सर्किटचा, चालवल्यावर येणारा न जुळणाऱ्या सिग्नलचा.

३. अर्थिंग तपासा

इंजिनाची अर्थिंगची पट्टी बऱ्याचदा बेलहाऊसिंगच्या (इंजिनाला जोडणाऱ्या गिअरबॉक्सच्या कवचाच्या) बोल्टलाच असते आणि गिअरबॉक्स बदलताना तीच राहून जाते. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर आधी पट्टी, मग बाकी सगळं.

४. न्यूट्रलचा सिग्नल: खरी मेख इथे आहे

या कामात मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्यानं, म्हणून इथे घाई करू नका.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर एक इनहिबिटर स्विच असतो. त्याची कामं तीन: पार्क किंवा न्यूट्रलमध्येच स्टार्टर फिरू देणं, रिव्हर्सचा दिवा लावणं, आणि गिअर लागलाय की नाही ते ईसीयूला सांगणं. गिअरबॉक्स गेला की तिन्ही कामं अधांतरी राहतात. गाडी सुरूच होत नाही, मग लोक कनेक्टरमधल्या स्टार्टरच्या दोन जाड वायरी कायमच्या जोडतात. गाडी सुरू होते आणि सगळे खूश.

हे करू नका. पहिलं म्हणजे, आता गाडी गिअरमध्ये असतानाही स्टार्टर फिरतो. कुणी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली तर गाडी झेप घेते, आणि समोर माणूस उभा असू शकतो. दुसरं, बऱ्याच गाड्यांत याच वायरीवरून ईसीयू न्यूट्रल ओळखतो. वायर कायम जोडली की त्याला वाटतं गाडी सदैव न्यूट्रलमध्ये आहे. अनेक ईसीयू न्यूट्रलमध्ये रेसवर मर्यादा घालतात, इंजिन ओढत नाही ते त्यामुळे. वर ‘न्यूट्रल आहे तर वेग कुठून आला’ म्हणून पी ०७०५ किंवा पी ०७०६ येतो.

वायर उघडी सोडली तर उलटं होतं. ईसीयू समजतो गाडी कायम ड्राइव्हमध्ये आहे. ड्राइव्हमध्ये उभ्या गाडीवर टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणाऱ्या भागाचा) भार असतो, तो पेलायला ईसीयू जादा हवा सोडतो. तुम्ही क्लच दाबून उभे असता, भार नसतोच, मग रेस चढते, तो खाली आणतो, परत चढते. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. थ्रॉटल बॉडी दोनदा साफ करून झाली होती, स्पार्क प्लग नवे होते. स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडला तर गिअरच्या जागी ‘डी’, म्हणजे ड्राइव्ह. दोष तेवढाच होता.

बरोबर जोडणी अशी. क्लच पेडलला दोन स्विच लावा. एक तळाशी, पेडल पूर्ण दाबल्यावरच जुळणारा. हा स्टार्टरसाठी. स्टार्टरच्या वायरीतून बराच करंट जातो, म्हणून छोटा स्विच थेट त्यात घालू नका, मध्ये रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) द्या. दुसरा वरच्या बाजूला, पेडल थोडं दाबताच काम करणारा. हा ईसीयूसाठी, आणि त्याच्या समांतर गिअरबॉक्सवरचा न्यूट्रल स्विच. म्हणजे क्लच दाबला किंवा गिअर काढला, दोन्ही वेळा ईसीयूला ‘न्यूट्रल’ कळतं आणि गिअर लागून क्लच सोडला की ‘ड्राइव्ह’. ईसीयूची वायर स्टार्टरच्या सर्किटमधूनच निघत असेल तर ती आधी वेगळी करा. ईसीयूला त्या पिनवर अर्थ हवा की १२ व्होल्ट, हे डायग्रॅममध्ये बघून मल्टिमीटरनं खात्री करा, अंदाजानं जोडू नका.

मग स्कॅनर लावून बसा. क्लच दाबा, सोडा, गिअर घाला, काढा. प्रत्येक वेळी स्क्रीनवर बदल दिसला पाहिजे. तो दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

५. वेगाचा सेन्सर

नव्या गिअरबॉक्सचा सेन्सर जुन्याइतकेच पल्स देतो का ते बघा. नाही तर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो. सिग्नलच नसेल तर पी ०५०० येतो आणि गाडी थांबताना बंदही पडू शकते.

६. सोलेनॉइडच्या जागी रेझिस्टर

ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलायला सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) असतात. ईसीयू बदलणं शक्यच नसेल तर ते अजून जोडलेले आहेत असं त्याला वाटावं म्हणून लोक सोलेनॉइडच्या जागी रेझिस्टर लावतात. मला हा उपाय पटत नाही. सोलेनॉइड १२ ओहमचा धरला तर १२ व्होल्टला १ अँपिअर, म्हणजे १२ वॉट उष्णता. चालत्या गाडीच्या १४ व्होल्टला ती १६ वॉटच्या वर जाते. पाव वॉटचा रेझिस्टर तिथे जळतो आणि शेजारच्या वायरींचं आवरणही वितळवतो. लावायचाच तर २५ वॉटचा, ॲल्युमिनियमच्या कवचाचा, धातूच्या पत्र्यावर घट्ट बसवून. तरीही त्यानं फक्त सर्किटचे कोड जातात. गिअरचं गुणोत्तर जुळत नाही असं सांगणारा पी ०७३० येऊ शकतोच.

७. उरलेलं

क्रूझ कंट्रोल असेल तर वरच्या क्लच स्विचनं ते सुटतं ना, हे बघा. नाही तर क्लच दाबताच रेस भडकते. रिव्हर्सच्या दिव्याची जोडणी करा. किल्ली कुलपात अडकत असेल तर पार्कचं इंटरलॉक (पार्कमध्ये असल्याशिवाय किल्ली निघू न देणारी यंत्रणा) तपासा. गाडी अजिबातच सुरू होत नसेल आणि क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय ते ईसीयूला सांगणारा) फ्लायव्हीलवरून वाचत असेल, तर फ्लायव्हीलच्या खाचा जुन्या फ्लेक्सप्लेटसारख्याच (ऑटोमॅटिकमधल्या त्याच जागेच्या चकतीसारख्याच) आहेत का ते बघा.

८. शेवटी

कोड पुसा, इंजिन गरम होऊ द्या, थोडा वेळ आयडलवर ठेवा, मग गावात आणि मोकळ्या रस्त्यावर दोन्हीकडे चालवा. कोड पुसल्यावर ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्याही कोऱ्या होतात. प्रदूषण तपासणी ओबीडी सॉकेटमधून (स्कॅनर लावायच्या सॉकेटमधून) होत असेल तर स्कॅनरवर मॉनिटर, म्हणजे याच तपासण्या, ‘तयार’ दिसेपर्यंत गाडी तिकडे नेऊ नका.