नव्या पिस्तुलावर डाग दिसला तर
आधी मॅगझिन काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढा आणि चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करा. मग मऊ कापडावर थोडं गन ऑइल घेऊन डाग पुसा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, कारण बरेचदा ते पॅकिंगचं ग्रीस असतं. नळीच्या तोंडाशी काजळी दिसली म्हणून पिस्तूल जुनं ठरत नाही. कारखान्यात चाचणीसाठी गोळ्या झाडलेल्या असतात. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर (गोळ्या बसतात त्या फिरत्या भागावर) उमटणारी गोल रेघही तो फिरल्याची नेहमीची खूण, दोष नव्हे.

ओरखडा खराच असेल तर गोळी झाडण्याआधी उजेडात फोटो काढा आणि विक्रेत्याला लगेच कळवा. तोवर पॉलिश पेपर किंवा पितळेचं पॉलिश लावू नका. ब्लूइंगचा (पोलादावरच्या निळसर-काळ्या रासायनिक लेपाचा) थर इतका पातळ असतो की ओरखडा जाण्याआधी रंगच जातो, शिवाय वॉरंटीवर पाणी पडू शकतं. (गेलेला रंग भरायला घरी लावायचं कोल्ड ब्लू द्रावण मूळ रंगाशी क्वचितच जुळतं.) उघड्या पोलादावर तेलाचा हलका हात पुरे.

मात्र नळीच्या तोंडाची कड चेपलेली किंवा कुठे तडा दिसला, तर तो प्रश्न दिसण्याचा नाही. ते पिस्तूल झाडूच नका, परत करा.